कूलरच्या टाकीचे कोपरे

उन्हाळा लागला तसा आम्ही कूलर बाहेर काढला, तर टाकीत भरलेलं पाणी खोलीभर पसरलं. मी म्हटलं, आता प्लॅस्टिकचा नवा घेऊ. बाबांनी ऐकलं नाही. खापरखेड्याच्या वीज केंद्रात त्यांची सारी नोकरी यंत्रांच्या देखभालीत गेलेली. "पत्रा जाड आहे वं अजून. सांधे तेवढे गेले. एपॉक्सी लावू."

अडचण वेगळीच होती. बऱ्याच दिवसांपासून त्यांचा उजवा हात थरथरत होता आणि घरात त्याबद्दल कोणीच बोलत नसे.

सीताबर्डीहून एपॉक्सीचे दोन डबे आणले, एक राळेचा आणि एक ती घट्ट करणाऱ्या हार्डनरचा. टाकी गच्चीवर नेऊन मी तारेच्या ब्रशनं गंज खरवडला, पुसून कोरडी केली. बाबांनी दोन्ही एकत्र कालवलं आणि ब्रश स्वतःच उचलला. सपाट तळ बरा झाला. पण तळ आणि बाजूचा पत्रा जिथं मिळतात, त्या कडेला ब्रश टेकेना. राळ भलतीकडेच ओघळत होती.

"मी लावू का, बाबा?"

"काहून? माह्या हातानं होत नाही काय?"

ऊन चढलं तसं कालवलेलं मिश्रण तापलं, घट्ट झालं आणि ब्रश त्यातच रुतून बसला. बाबांनी तो ओढून पाहिला, डबा बाजूला ठेवला आणि जिना उतरले.

जेवताना त्यांनीच विषय काढला. "हात डॉक्टरले दाखवा लागते आता."

"उद्याच जाऊ." माझा घास हातातच राहिला होता.

"आधी टाकी. सकाळी, ऊन व्हायच्या आत. मी थोडं थोडं कालवून देतो, कोपरे तू लाव."

सकाळी ते स्टुलावर बसून सांगत राहिले. "कोपरा टोकदार नको ठेवू, गोलाई दे. तिथंच भेग पडते." मी हातमोजा घालून बोटानं राळ दाबत गेले. तळावर राळेचा दुसरा थर त्यांनीच दिला. मग आम्ही दवाखान्यात गेलो. गोळ्या सुरू झाल्या. थरथर कमी झाली, गेली नाही.

टाकी पूर्ण वाळल्यावर पाणी भरलं. फक्त नळाच्या तोंडाशी ठिबकलं, तेवढं पुन्हा बुजवलं. खालच्या काकू त्यांची टाकी दाखवायला आल्या, तेव्हा बाबांनी मलाच पुढे केलं. पण तिचा तळच सडला होता. "भंगारात द्या," मी सांगितलं, आणि बाबांनी मान डोलावली.