चांगुणाबायचा कातळ

चांगुणाबायला गप्प बसवील असा माणूस आमच्या थळमध्ये जन्मला नव्हता. कीर्तनात लंका पेटवून बुवा ऐन रंगात आले की ही मागून विचारायची, "बुवा, मंग मारुतीची शेपटी का नाय जलली?" रेवसला आगबोट लागली की खलाशाला गाठून, "धूर मागंच का जातंय?" लोक वैतागत. मला मात्र तिचा लळा होता. आमची वाडी तिच्या घराला लागूनच, त्यामुळे निम्मे प्रश्न कुंपणावरून माझ्याच डोक्यावर पडत.

उन्हाळ्यात ती समोरच्या समुद्रातल्या एका कातळावर जवळा, म्हणजे अगदी बारीक कोळंबी, सुकवायची. ती जागा तिच्या सासरच्या वहिवाटीची. किनाऱ्यावर सुकवलेल्या जवळ्यात वाळू येई. तिचा जवळा खाताना दाताखाली कण लागत नसे, आणि याचा तिला भारी तोरा होता. त्याच दिवसांत त्याच कातळावर सुरय पक्षी उघड्यावरच अंडी घालीत. त्यांना ती हात लावीत नसे, कोणाला लावू देत नसे; नुसती न्याहाळत बसे. "आतल्या पिलाला वारा कुठून मिलतंय रं, बापू?"

पुढे जवळ्याच्या वासाने कावळे तिच्या होडीमागून कातळावर येऊ लागले आणि अंडी फोडू लागले. चांगुणाबायने कोळीवाड्यातला हुकमी उपाय केला. काठीला मेलेला कावळा टांगला. घरच्या अंगणात त्याने कावळे सुकवणाला शिवत नाहीत. कातळावर भलतंच झालं. त्या मेलेल्याला पाहून किनाऱ्यावरचे झाडून सारे कावळे कालवा करीत जमले. सुरय उडाले ते खाली टेकेनात, अंडी उन्हात तापून गेली. त्या साली एकही पिल्लू निघालं नाही.

"ह्यांना वाट कोनी दावली, बापू? मीच," एवढंच ती म्हणाली. तिचा पडलेला चेहरा पाहून मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या वर्षी तिने अंगण सारवून तिथेच जवळा पसरला. वाऱ्याबरोबर वाळू यायची ती आलीच. गिऱ्हाइकं नाकं मुरडू लागली. तिची जाऊ यशोदा कडाडली, "आगो, पाखरा तुना काय देतांत?"

"ठाव नाय. ठाव होयतवर तरी ऱ्हाऊ दे त्यांना."

पक्षी परत आले. मी म्हटलं, "चल, दाखवून आणतो." तिने एक पाय होडीत टाकला आणि मागे घेतला.

"नको. कावलं मना वलखतांत. मी गेली का मागं येतील. तू जा, लांबूनच बघ, नि सगला सांग."

मग दर उन्हाळ्यात मी जाऊन येई आणि ती ऐके. तिच्या शेवटच्या आजारातही गेलो. कातळ पिल्लांनी भरला होता. खाटेशी बसून सगळं सांगितलं. ती डोळे मिटून ऐकत होती. मला वाटलं, झोप लागली.

"बापू," ती म्हणाली, "पावसात ती जातांत कुठं रं?"

मला माहीत नव्हतं. अजूनही नाही.