वीणा खाली ठिवायची न्हाई

पाठीत गुद्दा बसला की समजायचं, आबा आले. रामराम वगैरे नंतर, आधी गुद्दा. मग पाठ चोळणाऱ्या माणसाला विचारायचे, "काय करलालास?" देवणीच्या बाजारात बैलांची दलाली करण्यात त्यांचा जन्म गेला होता. बैल थाप सहन करतो, तर माणसाला काय झालं, असा त्यांचा हिशेब.

मी अहमदपूर तालुक्यात गावोगाव मांडव आणि स्पीकर भाड्यानं देतो, त्यामुळे सप्ताह बसला की मी हजर. तुम्हीही पाहिलं असेल, सप्ताहाचे सातही दिवस वीणा जमिनीला टेकत नाही. या गळ्यातून त्या गळ्यात जाते, बस. आणि संध्याकाळच्या मोठ्या भजनात ती ज्याच्या गळ्यात, तो सगळ्यांचा पुढारी. तो धरेल ती चाल. आमच्या गावात हा मान वर्षानुवर्षं आबांचा. शिकणाऱ्यांच्या पाठीत गुद्दा घालून सांगायचे, "डोस्कं फुटलं तरी वीणा खाली ठिवायची न्हाई! कळलं का?"

आवाज तर काय सांगू, माझे स्पीकर झक मारायचे त्यापुढं. पण राग नाकाच्या शेंड्यावर. एकदा मृदंगवाल्याचा ठेका चुकला. आबांनी एका हातानं वीणा सांभाळली आणि दुसऱ्या हातातली चिपळी त्याच्या तोंडावर हाणली. बिचाऱ्याचा दात पडला. गावानं बैठक घेतली आणि पुढच्या सप्ताहाला वीणा दत्ताच्या गळ्यात घातली. दत्ता टमटम चालवायचा. आबांनीच गुद्दे घालून तयार केलेला, आवाज बेताचा, स्वभाव गरीब. त्याच्यामागं म्हणायला कुणी भीत नव्हतं.

आबा पेटले. पहिल्याच संध्याकाळी दगड घालून माझा स्पीकर फोडला. मी तावातावानं गेलो. "आबा, डोकं फिरलं का तुमचं?"

"माझ्या देवाम्होरं तो कसा काय हुबा ऱ्हायला?"

जसा काही देव यांनीच दावं लावून बाजारातून आणला होता! "देव काय तुमच्या एकट्याचा हाय का?" मी म्हणालो. त्यावर त्यांनी माझी गचांडी धरली. शर्टाची बटणं उडाली.

शेवटच्या संध्याकाळी भजन रंगलं. दत्तानं आबांनी शिकवलेली चाल धरली आणि सगळा मांडव तिच्यामागं उसळला. तेवढ्यात एक कोपरा खाली आला. आबांनी माझाच बांबू उपसला होता. शिव्या देत, माणसं तुडवत ते मधोमध घुसले. "काढ ती वीणा!" म्हणून बांबू उगारला.

दुसरा कुणी असता तर हात आडवे केले असते. दत्ताचे दोन्ही हात वीणेवर होते. तो तिच्यावर वाकला आणि डोकं पुढं केलं. फाटकन बसला बांबू. माईक सुरू होता, साऱ्या गावानं तो आवाज ऐकला. रक्त वीणेच्या भोपळ्यावर सांडलं. दत्ता गुडघ्यांवर आला, पण वीणा छातीशीच.

मग लोक आबांवर तुटून पडले. लाथा, चपला, टाळ, हाताला येईल त्यानं हाणलं. मीही दोन ठेवून दिल्या. आबा एकही फटका चुकवत नव्हते, नुसते दत्ताकडं बघत होते.

"सोडा त्यास्नी!" दत्ता ओरडला. मग वीणा पुढं करून म्हणाला, "आबा, तुम्ही घ्या. माझ्या हातनं खाली पडंल."

हिच्याचसाठी हा माणूस खून करायला निघाला होता. त्यांनी हात पुढं केले, आणि मागं घेतले. डोक्याचा पटका सोडून दत्ताच्या कपाळाला आवळला, त्याच्या मागं बसून काखेत हात घातले.

"तूच धर. मी तुला धरतो."

दुसऱ्या कुणी वीणा घेईपर्यंत ते तसेच बसले. मग माझ्या टेम्पोतून आम्ही दत्ताला टाके घालायला नेलं.

मत्सर काही त्या दिवशीच गेला नाही. पुढच्या सप्ताहापासून आबा दत्तामागं टाळ घेऊन उभे राहू लागले, पण घरी जाताना स्वतःच्याच छातीत गुद्दा मारायचे. "जळतंय रे अजून हितं."

"मग येता कशाला?"

"देवाला सांगाया. ह्याचा आवाज वाढव म्हणतो रोज. तोंडातनं शबूद निघत न्हाई, पर म्हणतो."

एकदा पंगतीत औशाचा एक पाहुणा लाडीगोडीनं म्हणाला, "आबा, तुमची सर दत्ताला न्हाई." आबांनी त्याच्या कानाखाली असा जाळ काढला की चष्मा आमटीत. "मुश्किलीनं इझवलालो, अन् तू फुंकर घाललालास?" मी हसून हसून बेजार.

यंदा सप्ताह चालू असतानाच आबा गेले. जाण्याआधी निरोप धाडला होता, मी गेलो तरी भजन मोडू नका. तिरडी देवळासमोर थांबवली. दत्ता मांडवाच्या कडेला आला, गळ्यात वीणा, कपाळावर तो व्रण. आबांची चाल धरायला त्यानं तोंड उघडलं, पण आवाजच फुटेना. डोळे वाहत होते आणि पुसायला हात मोकळा नव्हता. त्याच्या मागं आबांची जागा रिकामी होती.

मी तिथं जाऊन उभा राहिलो आणि त्याच्या पाठीत एक सणसणीत गुद्दा घातला.

तेव्हा दत्तानं जो आवाज लावला, त्याला माझ्या स्पीकरची गरजच नव्हती.