कोपऱ्याचा साचा

तीर्थपुरीच्या पेठेत बद्रीनाथचं शिलाईचं दुकान होतं. वर्षाचे अकरा महिने त्या दुकानात त्याचं चालायचं. दिवाळी जवळ आली की कात्री, टेप, इस्त्री सगळं बाजूला सरकायचं आणि टेबलाचा ताबा त्याच्या बायकोकडे, चतुराबाईकडे जायचा. ती तिथे दिवाळीची भेटकार्डं बनवायची. सातवी पास बाई, बोलायला फटकळ, आणि त्या महिन्यात दोन्ही हात मनगटापर्यंत जांभळे. ती शाई राखेने घासली तरी निघायची नाही, आणि खरं सांगायचं तर तिला ती निघावी असं वाटतही नसे.

हे वेड लागलं पंच्याऐंशी सालच्या दिवाळीत. तिची मुलगी उषा जालन्याहून एक विकतचं कार्ड घेऊन आली. त्यावर एक उतरत्या छपराचं घर होतं, आणि छपरावर पांढरं पांढरं काहीतरी साचलेलं.

"ह्या घरावर काय कापूस वाळू घातलाय का?" चतुराबाईने विचारलं.

"बर्फ हाय ते, आई."

"दिवाळीला बर्फ? आन बर्फ पडलंय त खालच्या पणत्या कामून न्हाई इझल्या?"

चतुराबाईने ते कार्ड चार वेळा उलटंसुलटं केलं, किंमत वाचली, आणि ह्याच्यापेक्षा बरं मी घरी करीन असं जाहीर केलं. चतुराबाईने एखादी गोष्ट जाहीर केली की बद्रीनाथ मुकाट्याने मशीन चालवायला लागे.

पहिला ठसा होता मोसंबीचा. आडवं मोसंबं कापलं, अर्धी फोड पायाला लावायच्या लाल आलत्यात बुडवली आणि कागदावर दाबली. चक्रासारखं सुरेख फूल उमटलं. बाई खुश! दुसऱ्या दिवशी सगळ्या कार्डांना मुंग्या लागल्या. मग तिने झिजलेल्या स्लिपरांवर मोर्चा वळवला. स्लिपरचं रबर दाढीच्या पात्याने कोरून तिने पणती केली, आकाशकंदील केला, फुटलेलं कापसाचं बोंड केलं. त्यापायी बद्रीनाथच्या दोन चालू स्लिपराही कामी आल्या आणि तो आठवडाभर अनवाणी दुकानात गेला. डबीच्या झाकणात सुती चिंध्या घालून शाईची गादी झाली. आधी नुसती शिक्क्याची जांभळी शाई मिळायची, म्हणून पहिल्या दोन वर्षांच्या पणत्या जांभळ्या ज्योतीच्या. पुढे जालन्याहून लाल आणि हिरवी बाटली आली, आणि चतुराबाईच्या दिवाळीला रंग चढला. कागद कुठला, तर शर्टाच्या खोक्यांतला पांढरा पुठ्ठा. तो शिंप्याच्या घरी फुकट.

लोक आधी हसले, मग मागायला लागले. ज्यांची पोरं पुण्याला, औरंगाबादला नोकरीला होती त्यांना आपल्या शिवारातलं बोंड असलेलं कार्ड धाडायला आवडायचं. मग नक्षी कापायची हौस आली. बाजारात पत्र्याचे डबे, चाळण्या करणारे एक चाचा बसायचे. चतुराबाईने पत्र्याची पट्टी वाकवून, एका बाजूने धार काढून, फळीत ठोकून मागितली.

"भाभी, ये साचा किस मिठाई का है?" चाचांनी विचारलं.

"कागदाचा हाय, चाचा. धार बराबर काढा."

साच्यावर पुठ्ठा, त्यावर रबर, त्यावर दुसरी फळी, आणि त्या फळीवर बद्रीनाथ. एवढंच यंत्र. बद्रीनाथचं वजन पंच्याऐंशी किलो, तेव्हा एकदा चढला-उतरला की कंदिलाचा आकार लख्ख कापून निघायचा. पेठेतले लोक दुकानावरून जाताना त्याला फळीवर चढउतार करताना बघायचे आणि विचारायचे, "काय बद्रीनाथ, कसरत चालू का?" तोही हसायचा. मनातून त्याला बायकोचं कौतुक होतं, पण ते बोलून दाखवलं तर साचे वाढतील ही भीती होती.

आता एक गोष्ट सांगायची राहिली. चतुराबाई दर दिवाळीचं पहिलं कार्ड आपल्या थोरल्या भावाला, कारभारीला धाडायची. तो तिकडे भोकरदनकडे, केदारखेड्याला. आई-बाप लवकर गेले, ह्यानेच तिला वाढवलं, लग्न लावून दिलं. भाऊबीजेला तो यायचा, हक्काने चार दिवस राहायचा. नव्वद साली उषाचं लग्न निघालं आणि त्या लग्नात सगळं बिघडलं. नवरीला मांडवात आणायचा मान मामाचा. पण केदारखेड्याची गाडी वाटेत बंद पडली. इकडे भटजी घाई करायला लागला, मुहूर्त टळायला आला, आणि कुणीतरी बद्रीनाथच्या चुलतभावाला, सर्जेरावला, मामा म्हणून उभं केलं. अक्षता पडल्या आणि पाच मिनिटांत कारभारी धापा टाकत मांडवात शिरला. मामाने नवरीला आणायची पिवळी साडी त्याच्या हातातच होती. ती त्याने बहिणीच्या हातात दिली आणि आल्या पावली परत फिरला.

त्यानंतर चार भाऊबीजा कोरड्या गेल्या. चतुराबाईला तो यायला हवा होता, जीव तुटत होता तिचा, पण माझं चुकलं असं म्हणायची तिची तयारी नव्हती. गाडी बंद पडली ती काय मी पाडली? असं ती बद्रीनाथला विचारायची, आणि बद्रीनाथ म्हणायचा, "मला कशाला विचारती? त्याला विचार." ते सोडून ती कार्डं धाडायची. दरसाल अधिक देखणं. एवढं सुंदर कार्ड बघून तरी दादा आपणहून येईल, असा तिचा हिशेब.

चौऱ्याण्णव साली तिने हद्द केली. चाचांकडून नवाच साचा करून आणला: मोगऱ्याच्या अर्ध्या पाकळ्यांचा. कार्डाचा कोपरा त्यात धरला की तिथे पाकळ्यांची किनार कापून निघायची, झालरीसारखी. चारही कोपरे कापायचे असा तिचा बेत. बद्रीनाथने पहिलाच कोपरा कापल्यावर हात जोडले.

"एका कार्डाला चार डाव चढायचं? दोनशे कार्डं हाईत. माझे गुडघे काय भाड्याचे हाईत का? एक कोपरा. जास्ती बिलकुल न्हाई."

एक तर एक. एका कोपऱ्यानेही कार्ड झोकात दिसत होतं. एका अंगाला पणती, बोंड आणि 'शुभ दीपावली', मागच्या अंगाला पत्त्याची जागा. पाकिटात घातलं तर किनार कुणाला दिसणार? म्हणून ह्या वर्षी पाकीट नाही, कार्ड तसंच तिकीट लावून टपालात टाकायचं ठरलं. पहिलं कार्ड दादाचं. तिचे हात शाईने भरलेले, म्हणून पत्ता बद्रीनाथने लिहिला, आणि पाठवणाऱ्याच्या जागी सवयीने आपलंच नाव घातलं. पेटीतही त्यानेच टाकलं.

चौथ्या दिवशी दुपारी चतुराबाई हिरव्या शाईत कंदील उठवत बसली होती. गल्लीच्या तोंडाशी रडण्याचा आवाज आला. कुणाच्या घरी काय झालं बाई, म्हणून तिने ठसा खाली ठेवला. आवाज पुरुषाचा होता, आणि जवळ येत होता.

"चतुरे, माझे माय! तोंड न दाखवता गेलीस गं! रागापायी घरात बसून राह्यलो मी! चार वर्सं बसून राह्यलो! तुला काय बी बोललो न्हाई, आन आता कुणाला बोलू गं!"

स्वतःच्याच नावाने चाललेला आक्रोश बाईने ऐकला. ती तशीच दारात आली. समोर कारभारी, डोक्याचं मुंडासं सुटून गळ्यात आलेलं, डोळे लाल. मागे त्याची बायको गोजरबाई, तोंडावर पदर, काखेत फडक्यात बांधलेल्या भाकऱ्या. मयताच्या घरी चूल पेटत नाही म्हणून आणलेल्या.

कारभारीने बहिणीला बघितलं आणि त्याचं रडणं मध्येच थांबलं. गोजरबाईच्या तोंडावर पदर होता, तिला काही दिसलं नाही. ती आणखी दोन वाक्यं रडली.

"तू... हाईस?" कारभारी म्हणाला.

"हाय की. मंग कुठं जाऊ?"

"मंग त्या कार्डाचा कोपरा कुठं गेल्ता?"

चतुराबाईच्या डोक्यात तेव्हा लख्ख उजेड पडला. मयताची बातमी कळवायची तर पत्राचा कोपरा फाडून टाकायचा, ही रीत साऱ्या मुलखाला ठाऊक. तिलाही होती. पण साच्याच्या नादात ना तिला आठवली, ना फळीवर चढणाऱ्या, पत्ता लिहिणाऱ्या बद्रीनाथला. असं पत्र कुणी घरात नेत नाही आणि उलटूनही बघत नाही. केदारखेड्याला पोस्टमनने कार्ड दिलं, कारभारीने तुटका कोपरा बघितला, खाली बद्रीनाथचं नाव वाचलं. दर वर्षी बहीण लिहायची, ह्या वर्षी मेहुण्याने लिहिलंय. आणखी काय कळायचं राहिलं? त्याने कार्ड अंगणातच फाडलं आणि मिळेल ती गाडी पकडली.

सगळी गल्ली जमली होती. आधी कुजबुज झाली, मग कुणीतरी फिसकन हसलं, आणि मग जे हसू फुटलं ते आवरेना. बद्रीनाथ गळ्यात टेप घालून बाहेर आला आणि प्रकार कळताच पुन्हा आत गेला. एकच कोपरा तुटका दिसू नये म्हणून त्या दोनशे कार्डांचे उरलेले तीन तीन कोपरे त्याला फळीवर चढून कापावेच लागले, ती शिक्षा वेगळी.

हसला नाही तो कारभारी. त्याने मुंडासं नीट बांधलं. "चल गोजर, जल्दी. पाचची गाडी भेटंल."

"दादा, आलाच हाईस त च्या घे," चतुराबाई म्हणाली.

"मी मयतीला आल्तो. मयतीला बोलावणं लागत न्हाई. च्याला लागतं."

"चार वर्सं कार्डं धाडून राह्यले मी! ते काय व्हतं मंग?"

ह्यावर गोजरबाईने पदर बाजूला केला. "मी सांगते काय व्हतं. दरसाली कार्ड आलं की हे दुपारभर मांडीवर घेऊन बसत्यात. ठसा बघत्यात, रंग बघत्यात. आन मंग मला म्हणत्यात, गोजर, यात 'ये' असं कुठं लिव्हलंय का गं?"

चतुराबाईला वाटलं, कुणीतरी आपल्या थोबाडीत मारली. खरंच होतं. इतके ठसे कोरले, इतक्या शाया लावल्या, आणि जे दोन शब्द लिहायचे ते कधी लिहिलेच नाहीत. तिला स्वतःची भयंकर लाज वाटली.

ती आत गेली. टेबलावरून न कापलेला, कोरा पुठ्ठा उचलला. पेन घेतलं. उभ्यानेच दोन ओळी लिहिल्या. बाहेर येऊन तिने तो पुठ्ठा भावाच्या हातात दिला.

कारभारीने तो लांब धरला. ओठ हलवत सावकाश वाचलं: 'दादा, माझं चुकलं. तुझ्यासाठी थांबायला पायजे होतं. ये. चतुरा.' मग पुन्हा एकदा वाचलं. मग घडी न घालता जपून बंडीच्या खिशात ठेवलं आणि मुंडाशाच्या टोकाने डोळे पुसले.

"एवढं लिव्हायला चार वर्सं लागली व्हय तुला?" तो म्हणाला. "जा, पायावर पाणी घ्यायला तांब्या आण."

चतुराबाई तांब्या आणायला आत गेली आणि माठापाशीच उभी राहून पोटभर रडली. बाहेर कारभारी दारात उभा होता, चपला काढून, पाण्याची वाट बघत.