डबा घेऊन पनवेलला वळसा

“बांबू सरळ धर!” पुढून हे ओरडले. “वाकडा धरलास की उंची कमी भरते.”

मी स्कूटरवर मागे बसले होते. बँकेतून रिटायर झालेली साठीची बाई, अंगात इस्त्रीचा ड्रेस आणि हातात उभा बांबू. बांबूच्या टोकाला लाल फडकं. नव्या पनवेलच्या सिग्नलला शेजारच्या रिक्षावाल्याने मान बाहेर काढून विचारलं, “काकू, पाडव्याला वेळ आहे की अजून. गुढी कुठे निघाली?”

“तुमच्याच दारात उभारायला,” मी म्हटलं. “पत्ता सांगा.”

तो बांबू म्हणजे आमच्या डब्याची उंची. डबा हा माझा शब्द. हे त्याला ट्रेलर म्हणतात, आणि पाहुण्यांसमोर कॅरॅव्हॅन. गाडीच्या मागे आकड्याला अडकवून ओढायचं चाकांवरचं छोटं घर. आत दोघांचा पलंग, हातभर ओटा, आणि कपाटाएवढा संडास. रिटायर झाल्यावर लोक बागकाम करतात, हार्मोनियम शिकतात. आमच्या ह्यांनी डबा बांधून घेतला. खारघरच्या आमच्या सोसायटीने तो गेटातून आत घेऊ दिला नाही, म्हणून ह्यांच्या मित्राच्या नेऱ्याच्या वाडीत आंब्याखाली उभा केला. मला विचाराल तर तो तिथेच बरा होता. कोंबड्या त्याच्या खाली सावलीला बसायच्या, तेवढाच त्याचा उपयोग.

मग ताईचं झालं, आणि माझं तोंड बंद झालं.

ताई माझी थोरली बहीण. आतड्याचं ऑपरेशन झालं आणि एकटी कशाला राहतेस म्हणून मी तिला आमच्याकडे आणलं. ऑपरेशन चांगलं झालं, पण एक भोग मागे राहिला. पोटात कळ आली की आलीच, दोन मिनिटं थांबायची सोय नाही. एकदा आम्ही दोघी पनवेलच्या भाजीबाजारात असताना वेळेवर कुठेच जागा मिळाली नाही. जे झालं ते झालं. रिक्षात ती माझ्याकडे न बघता बसली होती. त्यानंतर तिने बिल्डिंगच्या बाहेर पाऊल टाकलं नाही. देऊळ बंद, बाजार बंद, नात्यातली लग्नं-मुंजी सगळी बंद. दोन वर्षं. ही तीच ताई, जिच्याशिवाय आमच्या घराण्यात एक केळवण पार पडत नसे! आता ती खिडकीत बसून खालचा रस्ता बघायची.

एके दिवशी ह्यांनीच जेवताना विषय काढला. “डब्यात संडास आहे. आपण ताईंना समुद्रावर नेऊ या. नागावला. कळ आली की गाडी थांबवायची, मागे जायचं. स्वतःचा संडास स्वतःच्या मागे.”

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण इतकं शहाणं वाक्य मी ह्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं.

ताईने आठवडाभर विचार केला. मग एकदा भाजी निवडताना म्हणाली, “एकदाच येते. पण रस्त्यात चारचौघांत काही वेडंवाकडं झालं ना, तर पुन्हा मला बाहेर काढायचं नाव काढायचं नाही. घे शप्पथ.”

मी घेतली. ताई शब्दाची पक्की. हे एकदा फसलं की ती उरलेलं आयुष्य त्या खिडकीत काढणार, हे मला लख्ख दिसत होतं.

म्हणून तो बांबू. डबा मागे लागला की ओळखीचं शहर अनोळखी होतं. एरवी ज्या गोष्टी डोळ्यांना दिसतही नाहीत त्या वैरी होतात. केबलच्या लोंबत्या तारा, रेल्वेच्या पुलाखालच्या रस्त्याला आडवा लावलेला लोखंडी दांडा, कुण्या दादाच्या वाढदिवसाची कमान. गतिरोधकांचं तर विचारूच नका, आपल्याकडे घराघरासमोर ज्याला वाटेल तो घालतो. आणि सगळ्यात वाईट म्हणजे रिव्हर्स. स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं की डबा डावीकडे जातो, आणि घाबरून उलटं फिरवलं की काटकोनात येऊन गाडीलाच तोंड दाखवतो. हे वाडीत महिनाभर शिकत होते. मित्राचं कुंपण दोनदा गेलं. शेवटी ह्यांनी ठरवून टाकलं, की मागे यावंच लागणार नाही असा रस्ता शोधायचा.

पनवेल शहरातून जायचं म्हणजे स्टँडासमोरची कोंडी. तिथे अडकलो आणि ताईला कळ आली तर गाडीतून उतरायलाही जागा नाही. दुसरा रस्ता पुलाखालचा, तिथे आमचा बांबू दांड्याला खाडकन आपटला आणि माझा खांदा निखळायचा राहिला. उरला नेऱ्याहून मागच्या मागे गावागावांतून हायवेला निघणारा रस्ता. त्यावरून आम्ही तीनदा गेलो. फडकं कुठेच अडलं नाही. ह्यांनी वळणं मोजली, झाडांच्या फांद्या बघितल्या. एका गावात म्हातारे पारावर बसले होते. त्यांतला एक म्हणाला, “सर्वेवाले आलं परत. आता ऱ्हायलेली जमीन पन नेनार.” मी बांबू वर करून त्यांना नमस्कार केला.

रस्ता ह्यांनी ठरवला, दिवस ताईने. “इतक्या दिवसांनी घराबाहेर पडतेय, दिवस बघून पडेन,” म्हणाली, आणि पंचांग मांडीवर घेऊन बसली. अमावास्या नको, रिक्ता तिथी नको, हे नको, ते नको. शेवटी फेब्रुवारीतला एक दिवस निघाला, इतका उत्तम, की ती स्वतःच हरखली. आम्हीही म्हटलं, वा!

आता यात काय चुकलं, हे कोणाही मराठी माणसाच्या ताबडतोब लक्षात यायला हवं. आमच्या तिघांच्या आलं नाही.

त्या सकाळी नेऱ्याला डबा जोडला. ताई मागच्या सीटवर ताठ, पर्स पोटाशी धरून. हे गाडी इतकी हळू चालवत होते की एक सायकलवाला आम्हाला ओलांडून गेला. पहिलं गाव झालं, दुसरं झालं. ताईने काच खाली केली आणि म्हणाली, “वाल लावलेत बघ शेतात.” मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

तिसऱ्या गावात वळण घेतलं आणि समोर मांडव.

रस्त्यावर, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. लाल-पिवळं कापड, झुंबरं, खुर्च्या, स्पीकर. दिवस उत्तम होता ना, तो काय एकट्या ताईसाठी? ह्यांनी चपापून गाडी डावीकडच्या कुंपणाच्या भिंतीला लावून उभी केली. तेवढ्यात मागून नवरीकडच्या वऱ्हाडाच्या गाड्या आल्या आणि डब्याला चिकटून उभ्या राहिल्या. पुढे मांडव, मागे वऱ्हाड.

“अहो, आता?” मी म्हटलं.

“या रस्त्याचा सर्वे झाला होता,” हे म्हणाले. जणू मांडवच चुकीच्या जागी आला होता.

आणि मागून ताई हळूच म्हणाली, “मला जायचंय गं.”

मी धावत डब्याकडे गेले. डब्याचं दार डाव्या अंगाला, आणि डावीकडे भिंत. दार चार बोटं उघडलं आणि भिंतीला टेकलं. तिथून मांजर आत गेली नसती. मी त्या दाराला लाथ मारली. ह्यांना काय बोलले ते इथे लिहीत नाही. एवढा खटाटोप, एवढे बांबू, आणि संडास हाताच्या अंतरावर असून नसल्यासारखा! गाडीत ताईचा चेहरा पांढरा पडला होता. डोळे मिटून ती बसली होती, तशीच, रिक्षात बसली होती तशी.

तेवढ्यात मांडवातून एक बाई तरातरा आली. नऊवारी, अंगावर दागिने, हात हळदीने पिवळे. नवऱ्या मुलाची आई होती, हे नंतर कळलं. काचेशी वाकून तिने विचारलं, “काय झाला वो काकी? बरा नाय वाटं?”

ताई तिच्या कानात काहीतरी पुटपुटली.

“आगो, काकींना जावाचा हाय!” ती बाई मागे वळून ओरडली. “घरानला संडास मोकला करा!”

स्पीकर नेमका गाणं बदलायला थांबला होता. सगळ्या मांडवाने ऐकलं. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. संपलं, म्हटलं. चारचौघांत म्हणाली होती ना ताई? इथे चारशे होते.

पण कुणी हसलं नाही. दोन बायका आल्या, एकीने ताईचा दंड धरला, एकीने पर्स घेतली. “लाजाचा काय हाय त्यान? माज्या सासूला पन असाच व्हता,” असं बोलत बोलत नेलीसुद्धा. मी मागे निघाले तर नवऱ्या मुलाच्या आईने मला अडवलं. “तुमी ऱ्हावा. तुमचा त्वांड बगून त्या जास्ती घाबरतान.”

म्हणजे बघा! पण खरंच होतं ते.

मी रस्त्यातच उभी राहिले. इकडे पुरुषमंडळी डब्याभोवती जमली होती. वरचं कापड बांबूने उचलून धरतो, डबा खालून जाऊ दे, असं कुणी म्हणालं. ह्यांचे डोळे चमकले, डब्याची उंची तर ह्यांना तोंडपाठ. पण नवऱ्या मुलाच्या आजोबांनी काठी आपटली. मांडवाच्या तोंडाशी रस्त्याच्या मधोमध मुहूर्तमेढ रोवलेली होती, आंब्याचे टहाळे बांधून, हळद-कुंकू वाहून. “कापर उचला. पन मेढ नाय हलवाची. लगीन लागल्याबिगर नाय.” त्यावर बोलायची कुणाची टाप नव्हती. आणि मेढ सोडून जी जागा उरत होती त्यातून स्कूटर गेली असती, डबा नाही. उंची आम्ही तीन-तीनदा मोजली, रुंदी मोजायची आठवण झाली नाही.

शेवटी मीच म्हटलं, “अहो, काढा तो आकडा. ढकलू या.” वऱ्हाडाच्या गाड्या जरा मागे घ्यायला लावल्या, आकडा काढला, दहा-बारा जणांनी डब्याला हात लावले, आणि महिनाभर ह्यांना जे जमलं नाही ते हसतखेळत झालं. डबा मागे आला, वळला, आणि शेजारच्या मोकळ्या खळ्यात जाऊन उभा राहिला. दार उघडलं.

ताई घरातून बाहेर आली तेव्हा मी तिच्याकडे बघायचं टाळत होते. आता म्हणेल, चल घरी. ती म्हणाली, “लग्न लागेपर्यंत रस्ता मोकळा होत नाही म्हणे. मग उन्हात कशाला उभे आहात? आत खुर्च्या आहेत.” तिच्या गालाला हळदीचं बोट लागलेलं होतं.

नागाव त्या दिवशी होणार नव्हतं, हे एव्हाना ठरूनच गेलं होतं. आम्ही पाहुणे झालो. डब्यात संडास आहे ही बातमी बायकांत पसरायला वेळ लागला नाही, कारण घरात एकच आणि वऱ्हाड एवढं. डब्यासमोर रांग लागली. हे दाराशी उभे राहून प्रत्येकीला फ्लशचं बटण कसं दाबायचं ते समजावत होते आणि “पाणी जपून हं, टाकी लहान आहे,” म्हणत होते. एका आजीने आत जाऊन पलंगावर ताणूनच दिली.

मंगलाष्टकं सुरू झाली. ताई आणि मी मधल्या रांगेत, मुठीत अक्षता. दोन वर्षांत तिने लग्न पाहिलं नव्हतं, मान उंच करून अंतरपाटाकडे बघत होती. दुसरं मंगलाष्टक संपलं आणि तिचा चेहरा बदलला. तो चेहरा मी ओळखते. मी तिची पर्स उचलली, तिला आडोशाने कसं न्यावं ते शोधू लागले.

ताईने माझा हात बाजूला केला आणि उभी राहिली. भर मांडवात.

“बायांनो, जरा वाट द्या,” ती खणखणीत आवाजात म्हणाली. “मला जाऊन यायचंय.”

खुर्च्या सरकल्या. गुडघे वळले, पदर गोळा झाले, लहान पोरं मांडीवर उचलली गेली. रांगेतून रांगेतून तिला वाट होत गेली. पुढून नवऱ्या मुलाच्या आईने मान वळवून पाहिलं आणि भटजींना दम भरला, “भटजी, आजून एक बोला. मोठा बोला. काकी येवंद्या.”

भटजींनी घड्याळाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि लांबलचक सूर धरला.

ताई आली. पळत नाही, खाली मान घालून नाही, पदराला हात पुसत, वाटेत एका बाईशी दोन शब्द बोलत आली. माझ्या शेजारी उभी राहिली. सावधान झालं, ताशा कडाडला, आणि तिने अक्षता अशा जोरात भिरकावल्या की पुढच्या माणसाने डोकं झाडलं.

माझ्या मुठीतल्या तशाच राहिल्या. डोळे इतके भरून आले होते की नवरा कुठला आणि नवरी कुठली ते मला दिसत नव्हतं.

“रडतेस काय वेड्यासारखी,” ताई म्हणाली. “टाक की अक्षता.”