दुपारची सावली

आरोग्यातली समता आणि हवामान-न्याय हे रोशनीचे आवडीचे विषय. नाशिकच्या कॉलेजात ती त्यांवर न अडखळता बोलायची आणि सर खूश व्हायचे. खरं तर या सगळ्याचं मूळ होतं पुतळाबाई, तिची आई. सुरगाण्याच्या डोंगरातून ती दरसाल टोळीबरोबर दिंडोरीकडच्या द्राक्षबागांत यायची. मागच्या उन्हाळ्यात भोवळ येऊन पडली होती. पुन्हा तसं होऊ द्यायचं नाही, यासाठीच पोरीचा सगळा आटापिटा.

एप्रिलच्या छाटणीला रोशनी बागेत आली आणि मुकादमाच्या मागेच लागली. मुकादम सोमा तिच्या आईचा चुलतभाऊ. ऊन चढलं की कात्र्या खाली ठेवायच्या, सावलीत बसायचं, पाणी प्यायचं! काम उक्तं होतं, पैसे अख्ख्या बागेचे ठरलेले, बाग उरकेल तेव्हाच सुटका. सोमामामानं कुरकुर केली, पण शिकलेल्या भाचीपुढं त्याचं काही चाललं नाही. टोळी आंब्याखाली विसावलेली बघून रोशनी हरखून शहरात परतली.

आता टोळीची एक रीत असते. ज्याच्यापायी काम मागं पडतं, त्याच्या घरच्यानं ते भरून काढायचं. रोशनी या रीतीतच वाढलेली, पण तिच्या ध्यानातच आलं नाही. शिकल्यावर माणूस काय काय विसरतं! रोज दुपारी टोळी आडवी झाली की पुतळाबाई एकटीच ओळीत शिरायची. छाटलेल्या वेलींची सावलीही पडत नाही. लघवीला जायला बाईमाणसाला आडोसा नाही, म्हणून पाणीही घोटभरच. आणि फोनवर म्हणायची, "लय बरं वाटतं गं. सावलीत बसतो आमी."

आठवडाभरातच ती वेलींखाली पडलेली सापडली.

किडन्या गेल्या, आशा धरू नका, असं डॉक्टरांनी उशाशी बसलेल्या, टोळीतल्याच मावशीला आडवळणानं सांगितलं. रोशनीला ते सांगावंच लागलं नाही, आईकडे बघूनच ती समजली. पण आई रोज दुपारी एकटीच राबत होती, हे मावशीकडून कळल्यावर तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली आणि ती तडक बागेत आली. ऊन मी म्हणत होतं आणि अख्खी टोळी छाटणीला जुंपलेली.

"मामा, सावलीत बसवा यांना!"

"कसं बसवू? पुतळा होती तवर जमलं." सोमामामानं मान वर केली नाही. "निम्मी बाग पडून हाय, पोरी. आता खाडा कोण भरंल?"

पुतळाबाईची कात्री आंब्याच्या फांदीला अडकवलेली होती. रोशनीला रडू फुटलं. मग तिनं ओढणी डोक्याला गुंडाळली आणि कात्री काढून घेतली.

"बसा तुम्ही," ती टोळीला म्हणाली आणि आईच्या ओळीत शिरली.