सुजाताची वेणी कोण घालतं?

१७ जानेवारी १९८७. कोरपन्याच्या केसचा रिपोर्ट टाइप करायला बसले होते. एकाच प्रश्नाशी अडले: मूल पढवलेलं आहे का?

मी चंद्रपूरला प्रोबेशन ऑफिसर होते. फॅमिली कोर्ट आमच्याकडे नव्हतं. मुलाच्या ताब्यावरून आईबापांत वाद झाला की जिल्हा कोर्टाचे जज मला दोन्ही घरं बघून यायला सांगत. माझ्या रिपोर्टवर सगळंच ठरत नसे, पण पुष्कळ ठरे.

केस अशी. कुंदा नर्स. तिची बदली सिरोंच्याला झाली. नवरा गडचांदूरला सिमेंट कारखान्यात. त्याने सात वर्षांच्या सुजाताला कोरपन्याजवळच्या खेड्यात आपल्या आईकडे ठेवलं. चौदा महिने कुंदाला मुलगी दिसली नव्हती. तिची पत्रंही परत जात. म्हणून ती कोर्टात आली.

‘तुला कोण हवं’ असं मी मुलांना विचारत नाही. सकाळपासूनचा दिवस विचारते. सुजाता आजीच्या घरातल्या कापसाच्या ढिगावर बसली होती.

“वेणी कोण घालतं तुझी?”

“आई. उजवी आधी घालते. मग म्हणते, पाह्य बरं, डावी रुसली.”

“डबा?”

“आईच भरते.”

आजी दारातच उभी होती. काही बोलली नाही.

चौदा महिने आई नाही, आणि मुलगी बिनदिक्कत आईचं नाव घेते. कुणीतरी चोरून भेटून शिकवलंय, असं मला वाटलं. जजसाहेबांना तसं सांगितलं.

“वाटणं टाइप करू नका, बाई. पढवली असेल तर तिचं बोलणं मी धरणार नाही. आईची बाजूही तिथेच संपेल. सिरोंचा पाहून आलात?”

“अजून नाही.”

“मग?”

सिरोंच्याला एसटीने अख्खा दिवस जातो. मुलगी काय बोलली ते मी कुंदाला सांगितलं नाही. एवढंच विचारलं, “सकाळी मुलीचं काय काय करता?”

“उठवते. वेणी घालते. उजवी आधी, नाई तं गुंता करून ठेवते. मग तिले म्हणते, पाह्य बरं, डावी रुसली...” ती थांबली. “करत होती, बाई. आता कुठी?”

परत कोरपन्याकडे गेले.

“आजी, वेणी तुम्हीच घालता ना?”

“मी नाई तं कोन? रोज.”

“मग ती आई म्हणाली तेव्हा बोलला का नाहीत?”

“काय बोलू? मी कंगवा घेतला का पोरगी डोये मिटून बसते. वेणी होईपर्यंत उघडत नाई. ती कोनापाशी बसून राह्यली, मले समजत नाई का? तुमी शिकलेल्या बाया, तुमाले नाई समजलं?”

“हे मी लिहू?”

“लिवा. माह्या पोराले राग येईन. येऊ द्या.”

मी लिहिलं: मूल पढवलेलं नाही. ते चौदा महिन्यांपूर्वीची सकाळ आजची म्हणून सांगतं. नवऱ्याच्या वकिलाने या दुसऱ्या वाक्यावर बरीच हरकत घेतली. जजसाहेबांनी ते राहू दिलं.

ऑर्डर झाली. वार्षिक परीक्षेनंतर मुलगी आईकडे, सुट्ट्यांत आजीकडे. तेव्हापासून मुलांना ‘कोण’ विचारलं की ‘आज सकाळीही का?’ हे मी लगेच विचारते. शक्य तर घरातलं दुसरं कुणी दारात नसताना.

ऑर्डरच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कुंदाला तार केली. आजीला तिच्या मुलाने सांगितलं असतं, पण तो रविवारशिवाय गावी जात नसे. म्हणून तिला सांगायला मी कोरपन्याची पहिली बस धरली.