म्हाताऱ्याचं माप

सुट्टीवर निघालेली माणसं सहसा दूर जातात. मावशी शंभर पावलं गेल्या. घराला कुलूप लावलं, शेजारणीला "चार दिवस नाहीये हं मी, कुंड्यांना पाणी घाल" असं बजावलं आणि चाकांची बॅग खडखडवत गल्लीच्या टोकाला असलेल्या डाइव्हिंग सेंटरात पुढच्या दारानं शिरल्या. याच सेंटरच्या मागच्या खोलीत गेली एकोणीस वर्षं त्यांचं शिलाई मशीन चालत होतं. पुढचं दार फक्त पाहुण्यांसाठी असे.

काउंटरवर त्यांची मुलगीच होती.

"नमस्कार, आपलं बुकिंग?" मुलीनं विचारलं. तिला तशी ताकीद होती.

"आहे. चार दिवस. आणि सगळ्यांना ते थंड सरबत देता ना, ते कुठाय?"

"आई, काल तूच म्हणालीस ना की त्यात नुसती साखर असते!"

"काल मी कामाला होते."

बेटावर लोक येत ते पाण्याखालचं प्रवाळ बघायला. त्यासाठी अंगाला चिकटून बसणारे रबरी सूट घालावे लागत, आणि ते फाटले, उसवले किंवा सुट्टीतल्या जेवणाला पुरेनासे झाले की मावशींकडे येत. एकदा आलेल्याचं तोंड मावशी विसरत, कंबर विसरत नसत. पाण्यातून वर आलेली माणसं ओल्या अंगानं त्यांच्या खोलीच्या दारात उभी राहत आणि एकाच गोष्टीबद्दल बोलत: म्हातारा. प्रवाळाच्या भिंतीपाशी राहणारा एक प्रचंड मासा. "केवढा?" असं मावशी विचारत आणि समोरचा माणूस हात पसरून म्हणे, "एवढा!" कुणाचा एवढा उशीएवढा, कुणाचा दरवाजाएवढा. मापावर पोट असलेल्या बाईला हे सहन होणं शक्य नव्हतं. "हात पसरून सांगितलेल्या मापावर मी आजवर साधी पिशवीसुद्धा शिवलेली नाही," त्या म्हणत. शेवटी त्यांनी ठरवलं, माप स्वतः घ्यायचं. त्यासाठी सुट्टी टाकली, आणि एकोणीस वर्षांच्या कातरणांतून स्वतःचा सूट शिवला. एक बाही नारिंगी, दुसरी निळी, पाठीला तीन निरनिराळ्या पाहुण्यांच्या पोटांवरचे तुकडे.

अडचण एकच होती. मावशींचं हसू.

ते कधी येईल याचा नेम नसे आणि आलं की जात नसे. स्वतःच्या लग्नाच्या एकाही फोटोत त्यांचे डोळे उघडे नाहीत. पुढे मुलीला मागणी घालायला एक गंभीर तरुण आला, तेव्हा त्याचा चेहरा पाहून त्या चहाच्या ट्रेसकट स्वयंपाकघरात परत पळाल्या होत्या. तोच तरुण आता त्यांचा जावई होता आणि सेंटरात डाइव्हिंग शिकवत होता. "तुम्हाला नव्हते हो हसले, कपबशीला हसले," असं मावशी त्यांना आठ वर्षं समजावत होत्या. जावयांनी त्यावर कधीच काही म्हटलं नाही. त्यांना हसताना कुणी पाहिलं नव्हतं. पासपोर्टच्या फोटोसाठी त्यांना वेगळी तयारी करावी लागली नव्हती.

आता पाण्याखाली डोळ्यांवर काचेचा मास्क असतो. हसलं की गाल वर चढतात, मास्कची कड सुटते आणि समुद्र आत येतो. यावर उपाय आहे. मास्कची वरची कड कपाळाला दाबायची, तोंडातली हवेची नळी सोडायची नाही आणि नाकानं जोरात श्वास सोडायचा, की पाणी खालून निघून जातं. जमिनीवर मावशींना हे उत्तम जमलं. पाण्यात जावई समोर आले, काचेमागून मोठे झालेले त्यांचे गंभीर डोळे दिसले आणि मावशी खोकत वर आल्या. पहिल्या दिवशी चार वेळा, दुसऱ्या दिवशी सहा वेळा.

"अहो आई, यात हसण्यासारखं काय आहे?"

"काही नाही हो, जावईबापू. म्हणून तर आवरत नाही."

"हे बघा, उद्या जमलं नाही तर परवा तुम्हाला भिंतीपाशी नेता येणार नाही. बारा मीटर पाणी आहे तिथं. मास्क भरला आणि तुम्ही घाबरलात तर?"

"घाबरेन कशाला? हसेन."

"तेच म्हणतोय मी," जावई म्हणाले आणि टॉवेल देऊन निघून गेले.

दुपारी मुलीला मावशी मागच्या खोलीत, बंद मशीनसमोर बसलेल्या सापडल्या.

"पाहुण्यांना इकडे यायची परवानगी नाही," मुलगी म्हणाली.

मावशी हसल्या नाहीत, तेव्हा ती घाबरून शेजारी बसली.

"मी दुःखाचं काहीतरी आठवायचं ठरवलं गं, पाण्यात. तुझी आत्या आठवली. तर जास्तच हसू आलं. एवढं शिवून ठेवलंय, आणि आता म्हातारा काही दिसत नाही मला."

बोलता बोलता त्यांनी सवयीनं एक फाटकी बाही ओढली, चार टाचण्या ओठांत धरल्या आणि शिवण जुळवू लागल्या. मुलीला सकाळची गोष्ट आठवली. एक गृहस्थ दोन्ही पाय सुटाच्या एकाच पायात घालून काउंटरपर्यंत उड्या मारत आले होते. तिनं ती सांगितली. मावशींचे खांदे हलू लागले, डोळ्यांत पाणी आलं, पण ओठ गच्च मिटलेले. नाकातून नुसतं फुर्र, फुर्र.

"आई," मुलगी सावकाश म्हणाली, "टाचण्या तोंडात असल्या की तू कशानं हसतेस?"

मावशींनी टाचण्या काढल्या. "कशानं म्हणजे? नाकानं. नाहीतर गिळीन ना!"

मग त्यांचा हात आपोआप कपाळाशी गेला, मास्कची कड दाबायला.

तिसऱ्या दिवशी जावई पाण्यात नेहमीच्या चेहऱ्यानं समोर आले. मावशींनी ओठांतल्या नळीला टाचणी मानलं. हसू आलं, मास्क भरला, त्यांनी कपाळाशी कड दाबली, फुर्र! काच लख्ख. जावयांचा विश्वास बसेना. त्यांनी अकरा वेळा परीक्षा घेतली आणि मावशी अकरा वेळा हसून पास झाल्या.

चौथ्या दिवशी भिंत. मावशींना वाटलं, कुणीतरी कापडाच्या दुकानातले सगळे तागे एकदम उलगडलेत. पट्ट्यांचे मासे, ठिपक्यांचे मासे, जरीकाठाचे मासे, आणि एकाचीही शिवण दिसत नव्हती. चिमुकल्यांचा एक थवा त्यांच्या नारिंगी बाहीला नातेवाईक समजून चिकटला. फुर्र.

मग कपारीतून म्हातारा बाहेर आला. जाड ओठ, पुढे आलेलं कपाळ, अर्धे मिटलेले डोळे, आणि कुणाचीतरी तक्रार ऐकून घेत असल्यासारखा चेहरा. त्याच्या शेजारी जावई तरंगत होते, हाताची घडी घालून. तोच चेहरा. मावशींनी एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे पाहिलं. बारा मीटरवर समुद्र त्यांच्या नाकापर्यंत आला. फुर्र, फुर्र, फुर्र.

जावयांचा हात मदतीला पुढे झालाच होता. मावशींनी त्या हातात मापाच्या टेपचं एक टोक दिलं.

माशाला हात लावायचा नाही हा नियम जावईच रोज सगळ्यांना सांगत. टेपबद्दल नियम नव्हता. दोघांनी लांबूनच टेप ताणून धरली. म्हातारा सावकाश वळला आणि ट्रायलला आलेल्या गिऱ्हाइकासारखा टेपच्या पलीकडे, तिला समांतर उभा राहिला. मावशींनी एक डोळा मिटून माप घेतलं. अठ्ठावन्न इंच. मग त्यांनी माशाकडे बोट केलं, जावयांकडे केलं, आणि स्वतःच्या चेहऱ्याभोवती एक गोल काढला.

जावयांनी माशाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग त्यांचे गाल वर चढले आणि शिकवायला लागल्यापासून पहिल्यांदाच त्यांचा मास्क न ठरवता भरला. फुर्र.

हसण्याला हवा फार लागते. पाऊण तासाची बुडी सव्वीस मिनिटांत आटोपली. होडीत बसल्यावर जावई बराच वेळ केसांतलं पाणी पुसत राहिले.

"आई, त्या दिवशी तुम्ही कपबशीला हसला नव्हतात ना?"

"नाही हो," मावशी म्हणाल्या.

"बरं," जावई म्हणाले, आणि त्यांचे खांदे पुन्हा हलायला लागले.

काउंटरशी पोचल्या पोचल्या मुलीनं विचारलं, "दिसला? केवढा आहे?"

"अठ्ठावन्न इंच, नेमका," मावशी म्हणाल्या आणि दोन्ही हात पसरून दाखवलं, "एवढा!"

टेप लावली असती तर ते हात चौसष्टच्या पुढे भरले असते.